कुत्र्यासाठी एक्स्पोर्टची पेटी

त्या पेटीवर हळदीकुंकू होतं, झेंडूचा हार होता, चारही बाजूंना वरच्या दिशेचे बाण छापलेले होते, नाजूक मालाची खूण म्हणून काचेच्या पेल्याचं चित्र होतं आणि कोपऱ्याकोपऱ्याला पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. फक्त आत कुत्र्याला वळायला जागा नव्हती. असं होणार हे मी सुरुवातीपासून घसा फोडून सांगत होते. आजही हे लिहायला बसले की माझं डोकं तडकतं, तेव्हा मी शांतपणे काही सांगेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला होता. गाड्यांचे गिअरबॉक्स लाकडी पेट्यांत भरून परदेशी पाठवायचे, हे त्याचं काम. त्या खात्याचा एकच मंत्र होता, माल आत हलता कामा नये. पेटी क्रेनवरून आदळो, जहाजात डुलो, आतली वस्तू जागची हलली नाही तर शाबूत पोचते. हा मंत्र तो घरीही पाळायचा. दिवाळीला गावी फराळ पाठवायचा तर चकल्यांच्या मधे कागदाचे बोळे, बोळ्यांवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर परत बोळे. आमच्या घरची चकली आजवर मोडली नाही. मला त्याचं कौतुकच होतं, खोटं कशाला बोलू.

कंपनीने चेन्नईजवळ नवा प्लांट काढला आणि त्याला बढती देऊन तिकडे बदललं. माझ्या हिंजवडीच्या ऑफिसनेही मला तिकडच्या शाखेत जागा दिली. आमच्या दोघांचं सोपं होतं. प्रश्न अण्णांचा होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळ लातूरकडचे. तरुणपणी आकुर्डीला दुचाकींच्या कारखान्यात लागले, पेंटशॉपमध्ये जन्म काढला आणि तिथूनच रिटायर झाले. आई गेल्यावर मी त्यांना आमच्या थेरगावच्या फ्लॅटवर घेऊन आले. मला भाऊ नाही. जावयाच्या घरी राहणारा सासरा हा आमच्या नात्यागोत्यात अजून कुजबुजीचा विषय आहे. लग्नाकार्याला गेलं की कुणीतरी हमखास विचारणार, "काय, लेकीकडंच का अजून?" त्यातल्या 'अजून'वर असा जोर देणार की ऐकणाऱ्याने मान खाली घालावी. अण्णा हसून वेळ मारून न्यायचे. पण घरी सोफा रिकामा असला तरी ते दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. जावयाशी बोलताना "पाव्हणं" म्हणायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा असला तरी आधी त्याला विचारायचे. यावरून मी त्यांच्याशी कितीदा भांडले असेन. ते म्हणायचे, "मला हितं वारं लागतंय बाई, म्हणून बसतो."

कुत्रं त्यांनी डांगे चौकातल्या भाजीबाजारातून आणलं. आणलं म्हणजे तेच पिशवीमागे चालत आलं आणि आमच्या दारात, त्यांच्या खुर्चीखाली बसलं. साधं गावठी, पांढरं, एक कान तपकिरी. आम्ही त्याला नाव ठेवलं होतं, पण अण्णा त्याला 'गडी'च म्हणत. गडी जेवला का, गड्याला फिरवून आणतो, गडी आज सुस्त दिसतोय. आई गेल्यावर दिवसदिवस तोंड न उघडणारा हा माणूस त्या कुत्र्याशी बोलायला लागला. कारखान्यातल्या गोष्टी, संपाच्या दिवसांतल्या गोष्टी, आईच्या गोष्टी. आईबद्दल मला त्यांनी कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात भांडी न वाजवता उभी राहायचे आणि ऐकायचे.

चेन्नईचं ठरलं तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "गडी येत असंल तर येतो. न्हाई तर माझी आकुर्डीत सोय हाय."

सोय म्हणजे आमच्या जुन्या चाळीतल्या शेजारच्या मावशी. आई आणि त्या एका नळावर भांडल्या आणि एकाच नळावर मैत्रिणी झाल्या. मावशींचे मालकही अण्णांच्याच कारखान्यात होते. आता मुलगा कॉलेजात शिकवतो, सून बँकेत आहे, आणि घरामागची एक खोली रिकामी पडलेली असते. मावशी भेटल्या की म्हणायच्या, "भाऊ, कधीबी या, खोली तुमचीच आहे." तेव्हा अण्णा आमच्याबरोबर येणार की आकुर्डीत एकटे राहणार, हे सगळं त्या कुत्र्यावर येऊन ठेपलं होतं.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या सोसायटीत कुणाचं पाणी आलं नाही तरी कुणी तोंड उघडत नाही, पण कुत्र्याचं काय करायचं यावर प्रत्येकाला मत. मारुंजीला आमच्या ओळखीचं शेत आहे, तिथे सोडा. गेटवर ठेवा, वॉचमन टाकेल काहीतरी. एक बाई म्हणाली, अहो, तिकडे गेल्यावर दुसरं घ्या की. मी तिला विचारलं, तिकडे वडीलही दुसरे मिळतात का, चौकशी करून सांगा. तेव्हापासून तिने माझ्याशी लिफ्टमध्ये बोलणं सोडलं, आणि माझं काही अडलं नाही.

रेल्वेने न्यायचं तर कुत्र्याला सामानाच्या डब्यात दिवसभर एकटं कोंडावं लागणार. गाडी करून जायचं तर अण्णांच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. शेवटी विमान ठरलं. आम्ही वर बसायचं, कुत्र्याने पेटीत बसून खालच्या बाजूने कार्गोतून यायचं. मी कार्गोच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या माणसाने साध्या भाषेत सांगितलं की पेटीत कुत्र्याला उभं राहता आलं पाहिजे, आडवं होता आलं पाहिजे आणि जागच्या जागी वळता आलं पाहिजे. मी हे नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगितलं.

"पेटीचं तू मला सांगतेस?" तो म्हणाला.

मला तिडीक आली ती तिथपासून. दोन दिवसांनी त्याच्या पॅकिंग यार्डाचा सुपरवायझर आमच्याकडे माप घ्यायला आला. चाकणच्या पलीकडच्या गावचा, मनाने चांगला, नवऱ्याचा जिवाभावाचा मित्र. त्याने टेप काढून गड्याचं नाकापासून शेपटीपर्यंत माप घेतलं, खांद्याची रुंदी घेतली, उंची घेतली आणि नवऱ्याला गंभीरपणे विचारलं, "शेपूट मापात धरायची का सोडायची?" दोघांनी त्यावर बराच विचार केला. शेपूट धरायची असं ठरलं.

मी म्हटलं, "भाऊजी, त्याला आत वळता आलं पाहिजे. मोठी करा."

"वैनी, आमी रोज जर्मनीला माल धाडतो. मोठी पेटी केली की माल आत आपटतोय. जनावराला लागंल ना. तुमी काळजी करू नका, अशी पेटी देतो का त्याला धक्का म्हणून कळायचा न्हाई."

"हा माल नाहीये."

"व्हय, म्हणूनच तर फोम जाडा लावणार हाय."

यावर माणसाने बोलावं काय? अण्णा खुर्चीत बसून ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी नजर कुत्र्याकडे वळवली. जावयाच्या कामात बोलायचं नाही, हे त्यांनी त्या घरात पाऊल टाकलं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

पेटी मला बघायलाच मिळाली नाही. रोज विचारलं की उत्तर एकच, होतेय, भारी होतेय. मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. यार्डात पेटी टेबलावर ठेवलेली, तिच्यापुढे नारळ फोडलेला, उदबत्ती लावलेली आणि भोवती सगळं डिस्पॅच खातं हसत उभं. यार्डातून जिवंत माल पहिल्यांदाच जाणार म्हणून पूजा केली होती. नवरा मधोमध, एक हात पेटीवर ठेवून. मी फोटो मोठा करून करून पाहिला. हार दिसला, बाण दिसले, आतली जागा काही दिसली नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पेटी घरी आली. घर रिकामं झालं होतं, सामान ट्रकने पुढे गेलं होतं, फ्लॅटची चावी सकाळी मालकाला द्यायची होती. पेटी खरोखर सुरेख झाली होती. रंधा मारलेलं लाकूड, एकही खिळा वर आलेला नाही, जाळीचं दार, दाराला कडी. आत चारही बाजूंनी पांढरा जाड फोम. अण्णांनी हाक मारली तसा गडी आत गेला आणि फोमला नाक टेकून उभा राहिला. मागे त्याची शेपूट थेट दारापर्यंत. बाहेर यायचं तर त्याला उलट्या पावलांनी यावं लागलं.

"तो वळू शकत नाहीये," मी म्हटलं.

नवऱ्याने शांतपणे उत्तर दिलं, "विमानात वळून कुठे जायचंय त्याला?"

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. शेजाऱ्यांनी दार किलकिलं केलं होतं एवढं आठवतं. नवऱ्याचं म्हणणं, दोन तासांचा प्रश्न आहे, झोपून जाईल, आणि आता रात्रीत दुसरी पेटी कुठून आणू. शेवटचं म्हणणं खरं होतं आणि त्याचाच जास्त संताप आला. इतके दिवस ऐकायचं नाही, आणि मग आता वेळ नाही म्हणायचं. अण्णांनी आपला एक जुना सदरा घडी करून पेटीत घातला आणि गड्याला घेऊन जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या टेम्पोतून पेटी, मागे भाड्याच्या गाडीत आम्ही, अशी वरात लोहगावच्या विमानतळावर गेली. कार्गोच्या खिडकीवर मध्यम वयाचा एक माणूस होता. त्याने जनावरांच्या डॉक्टरचा दाखला बघितला, मग बाहेर आला, पेटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काम छान आहे. आता कुत्र्याला आत घालून वळवून दाखवा."

गडी आत गेला. अण्णांनी बाहेरून हाक मारली. तो वळायला गेला, पाठ फोमला अडकली, मान वाकडी झाली, आणि मग तो तसाच, तोंड कोपऱ्यात खुपसून, थरथरत उभा राहिला. भुंकला नाही, रडला नाही. भुंकला असता तर मला बरं वाटलं असतं.

"हे नाही जाणार," तो माणूस म्हणाला.

आणि मी त्याच्यावर तुटून पडले. इतके दिवस मी जे सांगत होते तेच तो सांगत होता, आणि मी त्याच्याशीच भांडत होते. तुम्हाला माणुसकी आहे का, म्हातारा माणूस बरोबर आहे, घराची चावी देऊन आलोय, आता कुठे जाऊ. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याच कुत्र्यासाठी सांगतोय. आत घुसमटला तर काय करणार?" तो बरोबर होता. मला तेव्हा बरोबर असलेल्या माणसाचा फार राग येत होता. इकडे नवरा फोनवर, तिकडून सुपरवायझर सांगतोय, फोम उपटा, दोन बोटं जागा मिळंल. दोघातिघांनी मिळून फोम उपटला. विमानतळाच्या आवारात पांढरे तुकडे उडायला लागले. गड्याला परत आत घातलं. तरी वळता येईना. पेटीचं लाकूडच मापात कापलेलं होतं.

विमानाची वेळ जवळ आली होती. नवऱ्याला दुसऱ्या दिवशी नव्या प्लांटवर हजर व्हायचं होतं. मी खिडकीवर हुज्जत घालत असताना तो अण्णांकडे गेला. त्याचा आवाज मला ऐकू येत होता. समजावणीचा, गोड आवाज.

"अण्णा, टेम्पो आता रिकामा चाकणला चाललाय. याला त्यात पाठवू. कंपनीच्या गेटवर चार कुत्री आहेतच, वॉचमन ओळखीचा आहे. तो बघेल. आपण आता विमान पकडू, पुढचं पुढे बघू."

पेटीतून आपला सदरा काढून अण्णांनी झटकला, त्याला चिकटलेले फोमचे कण वेचून काढले, सदरा खांद्यावर टाकला. मग गड्याला टेम्पोत ड्रायव्हरशेजारी चढवलं आणि स्वतःही गुडघा दाबत वर चढले. ड्रायव्हरला म्हणाले, "आकुर्डीला सोड भावा. रस्त्यातच हाय तुझ्या." ते फारसं रस्त्यात नव्हतं, पण ड्रायव्हर नाही म्हणाला नाही.

नवरा विमानाने गेला. जा म्हणून मीच सांगितलं, आणि ज्या शब्दांत सांगितलं ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मी रिक्षा करून टेम्पोच्या मागे आकुर्डीला गेले.

मावशींनी मागची खोली झाडून दिली, मला पुढच्या खोलीत गादी घातली. अण्णांची आणि कुत्र्याची सोय लागलेली बघून मी कंबर कसली. ऑफिसला सांगून थोडी मुदत मागून घेतली आणि दुसऱ्याच सकाळी चाकणला जाऊन त्या यार्डात उभी राहिले. लाकडाच्या भुशात, पंख्याच्या घरघरीत, चार माणसांसमोर मी त्या सुपरवायझरला विचारलं, "तुम्ही एसटीत बसता तेव्हा तुमच्या चारी बाजूंनी फोम भरतात का?" तो बिचारा कानकोंडा झाला. "चुकलं वैनी," म्हणाला, "आमाला दुसरं पॅकिंग येतच न्हाई." राग यावा असं त्यात काही नव्हतं, तरी आला. या वेळी मी हलले नाही. पेटी उभी होईपर्यंत तिथेच बसले. ऐसपैस पेटी, फोम नाही, हवेला तिन्ही बाजूंनी जागा. कार्गोच्या त्याच माणसाला फोटो पाठवला. त्याने कळवलं, आता चालेल.

पेटी आकुर्डीला आणली. गडी आत गेला, गोल फिरला आणि आपल्या पावलांनी तोंड पुढे करून बाहेर आला. मावशींच्या नातवंडांनी टाळ्या वाजवल्या. मी तिकिटं काढली, माझं आणि अण्णांचं. नवऱ्याने फोनवर अण्णांची माफी मागितली. मनापासून मागितली, ते मी कबूल करते. अण्णा म्हणाले, "असू द्या पाव्हणं, त्यात काय."

मला वाटलं, मिटलं.

जायच्या दिवशी दुपारी मी बॅग घेऊन मागच्या खोलीशी गेले, तर अण्णा दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. अंगात घरचाच सदरा. त्यांची बॅग खाटेखाली, जशी होती तशी. गडी पायाशी पसरलेला.

"अण्णा, आवरलं नाही अजून?"

"मी न्हाई येत बाई. तू जा."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, पेटी झाली, कार्गोवाल्याचा होकार आला, गुडघ्यांसाठी मी पुढची सीट मागून घेतलीय, आता काय राहिलं? ते म्हणाले, "पेटी चांगली हाय. तिचं काय न्हाई."

"मग काय आहे?"

त्यांनी कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता बोलले. "इतकी वर्षं घरात व्हता तो. अडचण झाली तशी त्याला गेटवर सोडायचं ठरलं. उभ्या उभ्या ठरलं. पाव्हण्यांचं काय चुकलं असं म्हणत न्हाई मी, त्यांना नोकरी हाय. पण मी बी दाराजवळच बसतो ना तुमच्यात. उद्या मी अंथरुणाला खिळलो, माझी अडचण झाली, म्हंजे माझं ठरायला कितीसा येळ लागंल?"

मी ओरडले. चाळीतले लोक बाहेर आले एवढं ओरडले. मी कधी असं म्हटलं? मी त्याला सोडा म्हटलं का? इतके दिवस कुणासाठी झगडले, ऑफिसला तोंड कुणासाठी वेंगाडलं, ही पेटी कुणासाठी करून आणली? तुम्ही स्वतःची आणि कुत्र्याची बरोबरी करता, तुम्हाला माझ्याबद्दल एवढंच वाटतं? मी बोलत होते आणि रडत होते, आणि रडू येतंय याचाही मला राग येत होता.

"तू न्हाई म्हटलीस," अण्णा म्हणाले. "तू तिकडं खिडकीवर भांडत व्हतीस."

मावशी आतून पाणी घेऊन आल्या, माझ्या हातात तांब्या दिला आणि परत आत गेल्या. मी पाणी प्यायले. गडी उठला, माझ्या बॅगेचा वास घेतला आणि पुन्हा त्यांच्या पायाशी जाऊन बसला.

पूर्वी मी शाळेला निघाले की अण्णा शिफ्टवरून आलेले असत आणि विचारत, बस कितीला. अगदी त्याच आवाजात त्यांनी मला विचारलं, "तुझं विमान कितीला हाय?"

मी सांगितलं.

"मंग निघ आता," ते म्हणाले. "नाशिक फाट्याला ट्रॅफिक असतंय."